क्रोशाच्या रुमालाचा निळा छाप

हेब्बाळ, बेंगळुरू
मंगळवार

ती. आईस शार्दूलचा नमस्कार.

सोबतच्या निळ्या कागदावर तू विणून दिलेल्या क्रोशाच्या रुमालाचा छाप आहे. खालच्या मजल्यावरच्या धनलक्ष्मी अक्का निवृत्त चित्रकला शिक्षिका आहेत, त्यांनी हे शिकवलं. कागदाला औषध लावून अंधारात वाळवायचा, वर रुमाल आणि काच ठेवून गच्चीवर उन्हात मांडायचा. मी सारखी काच उचलायला जात होतो, तर अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब रे."

नंतर कागद नुसत्या पाण्याने धुतला. ऊन लागलेलं सगळं निळं झालं, झाकलेलं पांढरं राहिलं. शाई नाही की कॅमेरा नाही. असं का होतं, ते बाबांना विचार ना, एवढी वर्षं विज्ञान शिकवलंय त्यांनी.

एक मात्र आहे. छापात डाव्या कोपऱ्यात तीन टाके चुकलेले दिसतात. रुमाल रोज हाताळतो, पण कधी लक्षात आलं नव्हतं. तुझा टाका कधी चुकत नाही. डोळ्यांना कमी दिसतंय का?

आज, कामाच्या दिवशी, भर दुपारी ऑफिस सोडून मी गच्चीवर काय करत होतो, हे तू विचारणारच. तू आधी डोळे दाखवून ये, मग मीही खरं काय ते लिहीन.

तुझा,
शार्दूल