बाबाची हाळी

धनज, सोमवार, पौष, शके १९४१

आज बाजारात शांतेवर चिडलो. सासऱ्यासमोर कधी आवाज न काढनारी माही बायको भर बाजारात ओरडून राह्यली होती, "वांगे घ्या, धनजचे वांगे!"

बाबाच्या छातीत आता हाळी उरली नाही. कापसाच्या जिनातल्या बॉयलरले अ‍ॅस्बेस्टॉस लिंपू लिंपू ती धूळ छातीत बसली, असं डॉक्टर म्हनते. म्हनून बाबा भाव पुटपुटते अन् हाळी शांता देते. पन लोक वळून पाहून राह्यले होते. मी तिले गप कराले गेलो, तं बाबानंच हात वर केला. वाटलं, तेही रागावले.

दम खात खात म्हनाले, "शेवट लांबव, पोरी. मी लांबवो तसा."

तिनं पदर खोचला अन् लांबवली. पार वेशीपर्यंत गेली असंल. काय बाई हाय!

बाबानं डोळे मिटले. "हां," म्हने, "आता माही झाली."