कोरी करकरीत जर्सी

धाकट्या,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही. बारा वर्षं क्लबच्या जर्सी धुतोय मी. कोण किती खेळलं हे मला कुणी सांगायला लागत नाही. काल शेवटची मॅच हरलो आणि लीगमधून बाहेर फेकले गेलो. गोलकीपरच्या जर्सीवरचा चिखल तीनदा घासूनही निघेना. तू पूर्ण नव्वद मिनिटं मैदानात होतास, आणि तुझी जर्सी कोरी करकरीत! नव्या क्लबशी आधीच ठरलं होतं, म्हणून पाय जपलेस ना, हरामखोरा? इथे धुलाईवाल्या आम्हा चौघांची नोकरी गेली.

जर्सी आईसमोर आपटली. ती कौतुकानं म्हणाली, “किती नीटनेटका खेळतो माझा धाकटा!”

मी नुसती मान डोलावली. आता हे पत्र कुठल्या तोंडानं पाठवू?

तुझा, अजून तरी,
दादा