यांच्या मापाचा कोट

४ जून

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी जेवते, झोपते, काळजी नसावी. हे गेल्यापासून दुकान बंदच आहे. गिऱ्हाइकं अर्धवट शिवलेले कपडे मागायला येतात, आणि माझ्याकडे बघून न मागताच जातात.

लिहायचं वेगळंच आहे आणि लिहिताना लाज वाटते. रविवारी तुम्ही दोघं येऊन गेलात. तू चप्पल शोधत होतीस आणि तुझे लाटसाहेब जिना उतरत होते. अंगात यांनी शिवलेला राखाडी कोट. मी वरून हाक मारली, अहो, सावकाश. वळले ते तुझे लाटसाहेब. तू ऐकलं नाहीस असं दाखवलंस, ते बरं केलंस.

तुला कारण ठाऊक नसेल. तुझे यजमान माप द्यायला कधी आलेच नाहीत. आज येतो, उद्या येतो. शेवटी अंगकाठी सारखीच आहे म्हणून यांनी स्वतःच्याच मापाने कोट बेतला. मशीनवर वाकून यांचा डावा खांदा उतरला होता, तोही कोटात आला. स्वतःसाठी मात्र यांनी जन्मात कोट शिवला नाही.

इतका सरळ माणूस, पण जे पडायचं ते यांच्याच डोक्यावर. कबुतराला अख्ख्या रस्त्यात हेच दिसायचे. बसच्या दारात बोट यांचंच. रांगेत यांचा नंबर आला की खिडकी बंद. तुझे लाटसाहेब खोटं बोलतात, सिग्नल मोडतात, डॉक्टरला उलट उत्तरं देतात आणि ठणठणीत हिंडतात. मला त्यांचा हेवा वाटतो. तुझा त्याहून जास्त. ती पाठ तुझ्या घरात वावरते आणि माझी खुंटी रिकामी.

तो कोट मला परत दे. दिलेली वस्तू मागू नये हे कळतं, तरी मागते.

राग आला तरी पत्र लिहिणं सोडू नकोस.
तुझी ताई

१३ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

राग आलाच होता. भांडी आपटून झाली, मग लिहायला बसले.

हेवा काय तुलाच वाटतो? भावोजी पाणी प्यायला उठले की तुझ्यासाठीही पेला भरून आणायचे. मी तापाने फणफणले होते तेव्हा आमचे हे उशाशी आले. मला वाटलं, कपाळावर हात ठेवतील. त्यांना चहाची पूड कुठे आहे ते विचारायचं होतं. तुमच्याकडून परतताना मी बसमध्ये तोंड फिरवून बसायचे, ते का ते आता समजलं असेल.

भावोजींवरच सगळं का पडायचं, हे मी यांना विचारलं. म्हणाले, सोपं आहे, ते थांबायचे. सगळ्यांना आधी आत सोडायचं, मग दार आपल्याच बोटावर येणार. आपण कुणासाठी थांबत नाही, तर संकटाला सापडणार कसे? मी म्हटलं, लाज वाटत नाही? म्हणाले, हल्ली वाटते, पण कोट घातला की.

मग खरं बाहेर आलं. कोट अंगात असला की तुमच्या भागातली माणसं यांना मागून मास्तर म्हणून हाक मारतात. हे वळले की त्यांचे चेहरे पडतात. परवा बसमध्ये चढताना एका आजीबाईंनी मागून तशीच हाक मारली. यांना पुढे जाववेना. बसचं दार धरून उभे राहिले आणि दाराने बोट चेचलं. जन्मातलं पहिलं पुण्य, त्याची पावती लगेच मिळाली. घरी येऊन म्हणतात कसे, भावोजी हे रोज कसं करत असतील?

कोट इस्त्री करून ठेवला आहे. हे स्वतः घेऊन येतील. घालून येऊ की हातात धरून, असं विचारतात. तू म्हणशील तसं.

धाकटीवर रागाव, पण तिला परकी करू नकोस.
तुझी धाकटी

२० जून

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बोट चेचल्याचं वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, यांचं तेवढं दुखणंही तुझ्या घरी गेलं. माझं मन इतकं कोतं झालं आहे, माफ कर. हळद लावून बोट बांधून ठेव.

कोट हातात धरून आणायला सांग. घालून आले तर मला अंगावरचा काढून घेता येणार नाही, आणि तुझ्या घरी तो ठेववणारही नाही. इतकं मोठं मन मला नाही.

काल दुकान उघडलं. मी आजवर काज-बटणंच केली, बेतणं नुसतं पाहिलं आहे. तरी तुझ्या लाटसाहेबांना एक कोट मी शिवणार. या खेपेला माप द्यायला उभं राहायचं म्हणावं, सबबी चालणार नाहीत. त्यांचा खांदा सरळ आहे, सरळच बेतीन. शिवण वाकडी आली तर मुकाट्याने घालायचा.

मग मागून पाहिलं तरी तो तुझाच नवरा असेल, आणि मला तुमच्याकडे येता येईल.

येते म्हणून चहा जास्त टाक.
तुझी ताई