पडतो, पण पोचत नाही

सोमवार, ४ मार्च

आज चंद्राला पडू दिलं नाही.

तारांगणात मला निवेदक म्हणून तात्पुरतं घेतलंय. रविवारी विश्वस्तांसमोर खेळ. तो त्यांना आवडला तर नोकरी कायम. संहिता व्यवस्थापकांनी स्वतः लिहिलीय. (सगळे त्यांना पाठीमागे ध्रुव म्हणतात — खुर्चीवरून हलत नाहीत म्हणून.) तिच्यात एक वाक्य आहे : 'अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून चंद्र आणि उपग्रह खाली पडत नाहीत.'

म्हटलं, सर, हे चूक आहे. गुरुत्वाकर्षण नसतं तर चंद्र केव्हाच सरळ रेषेत निघून गेला असता. तो सतत पडतोच आहे. फक्त आडवा इतक्या वेगाने धावतोय, की जमीन त्याच्याखालून वळत जाते.

ध्रुव डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "लोक इथे गारव्यात पाठ टेकायला येतात. त्यांच्या अंगावर चंद्र पाडू नकोस."

सत्यासाठी लढायचं ठरवलं. चहाच्या सुट्टीनंतर.

मंगळवार, ५ मार्च

घरी सांगितलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणाले, "आमच्याकडे 'पडते' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. लिफ्ट 'अडकते'. घरातली पहिली पदवीधर तू, पण कुठे काय बोलावं ते नाही शिकलीस."

मग आई — "पडतं घे गं. एका वाक्याने काय होतंय?"

माझं डोकं फिरलं. "तू जन्मभर पडतंच घेत आलीस!"

"म्हणून तर घर चाललंय," आई म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

मग पदवीधराने तिच्याच टोपलीतला बटाटा उचलला. हळू फेकला — ओट्यापाशी पडला. जोरात फेकला — दाराशी. "आणखी जोरात फेकला तर शेजारच्या काकूंच्या घरात. आणि वाटेत हवा, भिंती काही नसतं, आणि भयंकर जोरात फेकला असता, तर पृथ्वीला वळसा घालून मागून तुझ्या पाठीत बसला असता."

बाबा : "बटाटा उचल."

आई मात्र विचारात. "म्हणजे पडतो, पण पोचत नाही."

हे वाक्य संहितेत हवं होतं.

गुरुवार, ७ मार्च

तालीम. त्या वाक्याला मुद्दाम खोकले. ध्रुव म्हणाले, "पाणी पी आणि परत म्हण."

शनिवार, ९ मार्च

आरशासमोर खरं वाक्य म्हणून पाहिलं. आवाज अगदी ठाम येतो. आरसा विश्वस्त मंडळावर नाही, एवढीच अडचण.

रविवार, १० मार्च

पुढच्या रांगेत विश्वस्त. त्यांच्यामागे आई-बाबा. खुर्ची मागे रेलणारी, पण बाबा इस्त्रीच्या शर्टात ताठ. यंत्रावर त्यांचा विश्वास नाही.

अंधार झाला. घुमटावर चंद्र आला. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं — "अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं." खोकला नाही, काही नाही. आवाज आरशासमोर होता तेवढाच ठाम. खेळ संपल्यावर टाळ्या. ध्रुव चक्क खुर्चीवरून उठले.

"कुणाला काही विचारायचंय?" हेही संहितेतच आहे. विचारत कुणी नसतं.

हात वर झाला. आईचा. घरी चार पाहुणे आले तरी स्वयंपाकघरातून बाहेर न येणारी आई.

"मॅडम," ती म्हणाली. मला. "आमच्या घरी सांगतात, चंद्र पडतोच आहे. मग खोटं कोण बोलतंय? घरचे, की तुम्ही?"

लोक हसले. बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ध्रुवांच्या अख्ख्या चेहऱ्यावर लिहिलं होतं — पडतं घे.

"मी," म्हणाले. "मघाशी मी बोलले ते खोटं. चंद्र पडतोय."

मग बटाट्यासकट सगळं सांगितलं. या वेळी टाळ्या नाहीत.

शुक्रवार, १५ मार्च

तारांगणाने दुसरी मुलगी नेमली. बाबा दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखे बसून आहेत. आईने टोपलीतला एक बटाटा उचलून माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "आता जरा जोरात फेक."