तुमच्या नातवाला दिलेले दहा गुण

उस्ताद, तुमचा नातू आता पिंजऱ्यात लढतो. पिंजरा म्हणजे खरोखरचा पिंजरा, आठ बाजूंनी जाळी आणि खाली गादी. बुक्के, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं एकाच खेळात चालतं आणि त्याला एमएमए म्हणतात. खेळाबद्दल माझी तक्रार नाही, खेळ कष्टाचा आहे. किळस येते ती जाळीबाहेर सोफ्यावर बसणाऱ्यांची. वर्ध्यात ज्या शेठने हा धंदा काढला, त्याचीच जिम, त्याचीच स्पर्धा, पंच त्याने बोलावलेले आणि ज्याला जिंकवायचं तो खेळाडूही त्याचाच. पिंजऱ्याला दार एकच, तेही त्याच्या मेहुण्याच्या ताब्यात. तुमचा नातू शेठचा लाडका आहे, कारण सेलूपासून आर्वीपर्यंत तुमचं नाव अजून चालतं. पोरगा आत शिरला की माइकवाला तुमचं नाव असं ओरडतो, जणू तुम्ही शेठच्या मांडीवर वाढलात. तुम्ही असता तर या माणसाला आखाड्यात चपला काढतात त्या जागेच्या पुढे येऊ दिलं नसतं.

तुम्ही जोड कशी लावायचात ते मला रोज आठवतं. दोन्ही पैलवानांची मनगटं धरून मैदानाला पूर्ण फेरी मारायची, चारही बाजूंना थांबायचं आणि लोकांना विचारायचं, "जोड बराबर हाय का?" एखादा म्हातारा उठून "नाई" म्हणाला की जोड मोडायची, मग पुढारी येवो की पुढाऱ्याचा बाप. रोहण्याच्या दंगलीत तिथल्या बड्या माणसाने आपल्या भाच्यासमोर एक तापातून उठलेला गडी उभा केला, तेव्हा तुम्ही फेरी मारलीच नाही. त्या गड्याला मैदानाबाहेर आणून स्वतःच्या हाताने त्याच्या अंगात सदरा घातलात. शेठची जोड फोनवर लागते. आपल्या माणसाला तीन महिने तयारी, समोरच्याला दोन दिवस, आणि वर म्हणायचं की खेळाडू अपराजित आहे.

याच रोहण्याला मी सतरा वर्षांचा असताना मुद्दाम पडलो होतो. समोर माझाच दोस्त होता, त्याचे वडील पहिल्यांदा कुस्ती बघायला आले होते, मला दया आली आणि मी पाठ टेकली. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात उभा आहे, तुम्ही पाट्यावर बदाम वाटताय आणि मान वर न करता विचारताय, "काऊन पडला?" मी खरं सांगितलं. तुम्ही वाटण वाटीत काढलंत, हात धुतलेत. "तुले वाटते, तू त्याले जिंकवलं. नाई बापू, तू त्याले फसवलं. आता तो समजून राह्यला का त्याले कुस्ती येते. उद्या कोन्या खऱ्या पैलवानाच्या अंगावर जाईन अन् मान मोडून घेईन." मग वाटी माझ्यापुढे सरकवलीत. दुसऱ्या कोणी एवढं बोलून वर बदाम दिले नसते.

मागच्या महिन्यात जामजवळच्या एका लॉनवर, जिथे एरवी लग्नं लागतात, तुमच्या नातवाची लढत होती. समोर जामच्या चौकात पंक्चर काढणारा एक माणूस. त्याला दोन दिवस आधी बोलावलं आणि वजन पाच किलो उतरवायला सांगितलं. काट्यावर उभा राहिला तेव्हा त्याचे ओठ फाटलेले होते, दिवसभर पाणी नव्हतं घेतलं. मी गुण देणाऱ्या तीन पंचांपैकी एक होतो. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि तुमचा चेला आहे, म्हणून शेठ मला मान देतो. लढतीआधी खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, आपल्या घरचाच पोरगा हाय. पाहून घेजा." एवढंच. असल्या माणसांना जास्त बोलावं लागत नाही.

तरीही पंक्चरवाला भारी पडला. पहिला राउंड नातवाचा, दुसरा त्याचा, तिसऱ्यात तर त्याने तुमच्या नातवाला खाली दाबून ठेवलं. तो वर बसला की आतला पंच लगेच "उठा, उठा" करायचा, नातू वर असला की त्याच पंचाला कमालीचा धीर असायचा. शेवटी एका पंचाने, तो शेठच्याच जिमचा कोच, नातवाला जिंकवलं. नागपूरच्या पंचाने पंक्चरवाल्याला. निकाल माझ्या कागदावर आला. राउंड जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला नऊ. तिसऱ्या राउंडचे दहा मी तुमच्या नातवाला दिले. बारा वर्षं तुमच्या घरी जेवलो, त्याची ही परतफेड. पंक्चरवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हातमोजे सोडायला लागला.

त्या निकालावर तुमच्या नातवाला बंगळुरूची मोठी लढत मिळाली आहे. समोरचा खरा आहे, त्याच्या लढती मी मोबाइलवर पाहिल्या आणि मोबाइल पालथा ठेवला. काल पोरगा पाया पडायला आला. चहा संपवून म्हणाला, "काका, खरं सांगजा. तिसऱ्या राउंडले तोच वरचढ होता असं मले वाटून राह्यलं. मी जिंकलोच होतो का?"

"जिंकला तू," मी म्हणालो.

तो हसत गेला. लढतीला आठ दिवस आहेत. तुमच्या सेलूच्या घरात आता तो एकटाच राहतो, तिथलं टपाल तोच फोडतो. म्हणून हे पत्र तुमच्या नावाने त्याच पत्त्यावर टाकायचं ठरवलं होतं. त्याने वाचलं असतं आणि बंगळुरूला गेला नसता. आज दुपारी पाकीट घेऊन पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो, आता पाकीट फोडून हे खाली लिहितोय. वाटेत स्वतःची समजूत घालत होतो की पोराची उमेद मोडायला नको. ते खोटं आहे, उस्ताद. तुमच्यानंतर मला तुमचा चेला म्हणून मानणारा तो एकटाच उरला आहे, आणि ते मला सोडवत नाही.