उकळलेलं औषध

संकठा घाट, काशी
ज्येष्ठ वद्य पंचमी, सन १९३५

प्रिय कालिंदी,

नदीपल्याड रामनगरात राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहायला मला दोन वर्षं लागली, यावरून तुझा दादा किती शूर आहे ते ओळख. तुझा नीलकंठ गेल्यापासून तू आईच्या दारात पाऊल ठेवलं नाहीस. त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. आधी माझ्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट ऐक.

पटकीवर आम्ही जे औषध करतो त्याला फाज म्हणतात. आमच्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. पण पटकीच्या जंतूंनी गढुळलेल्या नळीत त्याचा थेंब टाकला, की काही तासांत नळी नितळ होते. प्रयोगशाळेचे साहेब सांगतात, फाज जंतूला चिकटतो, आत शिरतो आणि जंतूच्याच अंगातला ऐवज वापरून आपल्यासारखे शेकडो घडवतो. मग जंतू फुटतो आणि ते शेकडो पुढचे जंतू गाठतात. जंतूवाचून त्याला वाढताच येत नाही. मी म्हणालो, आम्हा घाटावरच्या भटांनाही यजमान लागतो, फक्त आम्ही त्याला फोडत नाही. साहेब हसले नाहीत.

नीलूला उलट्या सुरू झाल्या तेव्हा त्याच औषधाची कुपी मी आईच्या हाती दिली आणि दशाश्वमेधावरच्या आजारी यात्रेकरूंकडे धावलो. कुपीला कोणाकोणाचे हात लागले असतील म्हणून आईनं औषधात चमचाभर गंगाजल घातलं. तेवढं तू पाहिलंस. पोर गेलं, आणि तू म्हणालीस, "आई, तुझ्या सोवळ्यानं माझं पोर मारलं." आई गप्प राहिली. मीही.

कालिंदी, गंगाजलानं फाजाला काही होत नाही. वाटीत उरलेलं औषध मी दुसऱ्या दिवशी जंतूंच्या नळीत घातलं. नळी गढूळच राहिली. आईला विचारलं तेव्हा कळलं, तिनं ते आधी उकळलं होतं, कारण महिनाभर मीच घरात दरडावत होतो, की उकळल्याशिवाय पोराच्या तोंडात काही घालायचं नाही. उकळलेला फाज निकामी होतो, हे एवढंच सांगायचं राहिलं. चांगल्या औषधानं नीलू वाचलाच असता असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण चूक माझी होती. घरातला शहाणा म्हणून मिरवणारा मी, मला तोंड उघडायची लाज वाटली.

आता आई अंथरुणाला खिळली आहे. वैद्यांनी दोन-चार दिवस सांगितलेत. आपल्या हातचं गंगाजल नातवाला भोवलं असं धरून तिनं दोन वर्षं त्याचा थेंब घेतलेला नाही. काल मी तिच्यापाशी सगळं कबूल केलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला; आईचं मन राखायला लेक खोटं बोलतोय असंच तिला वाटलं. शेवटचं गंगाजल तोंडाशी नेलं तर मान फिरवते. जन्म काशीत काढलेली बाई, कालिंदी. एवढंच म्हणाली, "कालिंदीनं पाजलं तरच पिईन." माझ्यावरचा राग जन्मभर ठेव, तो माझ्या हक्काचा आहे. पण हे पत्र वाचून होताच नावेत बस.

तुझाच अपराधी,
दत्तूदादा