पिमसाहेब अडकतात तेव्हा

अल क्वोज, दुबई
७ जानेवारी २०२५

ती. बाबाजीमामास,
नागेशचा सा. न. वि. वि.

चार महिने रोज म्हणतोय, उद्या लिहितो. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, हे निमित्त मला पत्र न लिहायलाही पुरलं, एवढा मी हुशार. आज खोलीतला मुश्ताक सुट्टीवर गावी निघालाय, पत्र त्याच्याकडे द्यायचंय, गाडी खाली उभी आहे, म्हणून लिहितो.

मुसफ्फाचं एसी डक्टचं काम सोडलं. सोडायला लावलं म्हणा. आता इथल्या एका थिएटरात सेट ठोकतो. इथे सगळी गोदामंच. एकात टायर, शेजारच्यात इंग्रजी नाटक. टायरवाल्याकडे चहा झकास मिळतो, पण ते राहू दे.

सांगायचंय ते एडविन पिम या इंग्रज नटाबद्दल. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षं नाटक-सिनेमात, हिरो एकदाही नाही. अकरा वेळा न्यायाधीश, चौदा वेळा बटलर, नऊ वेळा पहिल्या दहा मिनिटांत खून. लोक अडवून विचारतात, आपण कुठे भेटलोय? साहेब म्हणतात, मी कधीतरी तुम्हाला फाशी सुनावली असेल. मुलीकडे राहायला आले नि इथे भूमिका मिळाली: पोटच्या मुलाला शिक्षा देणारा न्यायाधीश. पण मामा, वाक्यं विसरतात. दिग्दर्शिका बाईंनी बजावलंय, प्रयोगात अडकलात तर खलास. साहेब मला म्हणाले, हे काम गेलं की मी नुसता कुणाचा तरी आजोबा.

म्हणून त्यांनी मला नाटकात नोकर करून घेतलंय. चहाचा ट्रे धरून उभं राहायचं. बशीखाली त्यांची वाक्यं चिकटवलेली. इंग्रजीत तीनदा नापास झालेला मी, इंग्रजी रंगभूमीवर! तुम्ही दशावतारात चाळीस वर्षं पुस्तकाशिवाय उभे राहिलात. समोरचा अडकला तर काय करता, कळवा.

मामीला नमस्कार. माझ्यासाठी थोडा राग नि जास्त लोभ राखून ठेवा, दोन्ही लागतील.

तुमचा भाचा,
नागेश


वालावल
२६ जानेवारी

चि. नागेश यास,
बाबाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

ही तुझी तिसरी नोकरी की चौथी, यावर मामीशी भांडण झालं. ती चौथी म्हणते.

अडकलेल्याला त्याचं वाक्य देऊ नये, आणखी घाबरतो. त्याला प्रश्न विचारावा. गोष्ट माहीत असली की उत्तर येतंच. पण एकच प्रश्न, मग गप रव. तुझ्याने ते होणार नाही, हे वेगळं.

यंदा जत्रांना मी उभा राहिलो नाही. समोरच्याचं ऐकू येईना. राक्षसाने युद्धाला बोलावलं नि मी त्याला आशीर्वाद दिला. मंडळाने शाल-नारळ दिला, म्हणजे घरी बस. तू साहेबाला सांभाळ.

इथली माया पाठवतो, विमानात तिचं वजन धरत नाहीत.

बाबाजी


शारजा औद्योगिक क्षेत्र
२० फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्ता बदललेला बघून मामीने पाचवी नोकरी मोजली असेल.

दुसऱ्या अंकात साहेब अडकले. बशी उचलली, तर शाई वाहून गेलेली. ट्रेवर रंगीत पाणी द्यायचं असतं. म्हाताऱ्या माणसाला ते कसं द्यायचं म्हणून मी खरा चहा काठोकाठ भरला होता, तो सांडला.

मग तुमचं ऐकलं. मोडक्या इंग्रजीत विचारलं, साहेब, मुलगा लहानपणी कसा होता? ते बोलायला लागले. नाटकात नसलेलंच, पहिला दात, हरवलेला बूट. लोक खुर्चीत पुढे सरकले. तिथे मी गप बसायचं होतं. पण मामा, असा रंग भरलेला नि मी गप? दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला, सातवा तर तुमच्या दशावतारातल्या संकासुरासारखा नाचत विचारला. शेवटी साहेबांनी मुलाला माफच करून टाकलं. तिसऱ्या अंकाला काही कामच उरलं नाही.

टाळ्या पडल्या. बाईंनी मात्र दोघांनाही घरी पाठवलं. मी इथे गॅरेजात आलो. त्या रात्री साहेबांनी तोंडाचा रंगही पुसला नाही. माझ्या जिभेने त्यांचं काम गेलं. हे कुठे शिकलास, एवढंच त्यांनी विचारलं. तुमचं नि गावाचं नाव लिहून दिलं. दुसरं काय देणार?

शिव्या घाला, पण पत्रातून घाला, म्हणजे उत्तर आलं असं होईल.

नागेश


वालावल
११ मार्च

चि. नागेश यास,
आशीर्वाद.

गॅरेजात टिकून राहा, असं लिहायला बसलो होतो. तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली. उंच, गोरा म्हातारा, हातात तुझ्या अक्षराचा कागद. काय बोलतो ते मला ऐकू येत नाही, आलं असतं तरी कळलं नसतं. तरी अर्धा तास तो बोलतोय, मी बोलतोय, झकास चाललंय. आता बूट काढून, तोंडाला रंग फासल्याची खूण करून, आमचा दशावताराच्या सोंगांचा पेटारा कुठे म्हणून विचारतोय.

शाल-नारळ मिळाला तेव्हाच तो मी माळ्यावर टाकला होता. मामीने शिडी धरलीय. थांबतो.

बाबाजी